जाड कार्डपेपरवर घरच्या फोटो प्रिंटरने ठसठशीत छपाई कशी मिळेल? (आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाची पत्रिका)

रंगरेषा
नमस्कार मंडळी. मी इंदिरानगर, नाशिकची. श्रावणात आमच्या आजोबांचं सहस्रचंद्रदर्शन आहे. पंचाहत्तर पत्रिका घरीच छापायच्या असा माझा आणि धाकट्या भावाचा हट्ट आहे. पत्रिकेच्या दर्शनी बाजूला आजोबांचा रामकुंडावरचा १९६७ सालचा कृष्णधवल फोटो, भोवती कुंकवाच्या लाल आणि झेंडूच्या रंगाची नक्षी, मागच्या बाजूला मजकूर.

घरी सहा रंगांचा, टाकीत शाई भरायचा फोटो प्रिंटर आहे. ग्लॉसी फोटो पेपरवर तो इतके सुंदर फोटो काढतो की पाहत राहावं. पण कार्डपेपर घातला की सगळं बिनसतं. आत्तापर्यंतचे दोन प्रयोग असे:

पहिला, ३०० जीएसएमचं (जीएसएम म्हणजे एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) चकचकीत आर्ट कार्ड. रंग झकास उठले, पण शाई वाळेचना. दुसऱ्या दिवशी बोट लावलं तर आजोबांचा अर्धा चेहरा बोटावर आला.

दुसरा, २५० जीएसएमचं साधं पांढरं कार्ड, कोटिंग नसलेलं. शाई लगेच वाळली, पण फोटो राख फासल्यासारखा. लाल रंग विटकरी झाला आणि 'सहस्रचंद्रदर्शन' या शब्दातली सगळी जोडाक्षरं भरून गेली. 'स्र' आणि 'द्र' तर ओळखूही येत नाहीत.

दोन्ही वेळा क्वालिटी 'हाय'वर होती. माझं नेमकं कुठे चुकतंय? कागद, शाई, सेटिंग की फाइल? बाहेरून छापून घेणं हा शेवटचा पर्याय आहे, तो कृपया लगेच सुचवू नका. :)

मिसळप्रेमी
आजोबांना शिरसाष्टांग नमस्कार! तांत्रिक मदत शून्य, पण जेवणाच्या यादीत मिसळ असेल तर चाखून अभिप्राय द्यायला मी तयार आहे.

सिडकोवासी
बाहेरून सुचवू नका म्हणालात तरी सुचवतो. पंचाहत्तर पत्रिकांसाठी एवढी यातायात का? कुठल्याही डिजिटल प्रेसवाल्याकडे फाइल द्या, तासाभरात गठ्ठा हातात. मुलाच्या मुंजीला मी तेच केलं.

रंगरेषा
@सिडकोवासी दादा, मान्य. पण आजोबांनी आयुष्यभर नातेवाइकांना पत्रं स्वतःच्या हाताने लिहिली. त्यांची पत्रिका आमच्या हातची असावी एवढंच मनात आहे. शिवाय प्रत्येक पत्रिकेवर त्या त्या घराचं नाव छापायचंय.

शाईदान
ताई, तुमच्या दोन्ही प्रयोगांत प्रिंटरची काहीच चूक नाही. मी गेली बरीच वर्षं प्रिंटर दुरुस्तीचं काम करतो आणि माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या तक्रारी खरं तर कागदाच्या असतात.

तुमच्या प्रिंटरमध्ये डाय शाई आहे, म्हणजे रंग पाण्यात पूर्ण विरघळलेला. तिला कागदाने पटकन शोषून घ्यावं लागतं, पण शोषायचं ते वरच्या थरातच. त्यासाठी इंकजेटच्या (म्हणजे तुमच्यासारख्या, शाईचे बारीक थेंब उडवणाऱ्या प्रिंटरच्या) कागदावर खास लेप असतो. तो थेंब जागच्या जागी धरून ठेवतो.

आर्ट कार्डवरही लेप असतो, पण तो ऑफसेटच्या तेलकट शाईसाठी बनवलेला, चिनी मातीचा, घोटून गुळगुळीत केलेला. त्यात पाण्याची शाई मुरायला जागाच नाही. ती वर तरंगत राहते आणि बोटावर येते. वाट पाहून उपयोग नाही, आठवड्यानेही पुसली जाईल.

साध्या कार्डावर नेमकं उलट होतं. लेप नाही, म्हणून शाई तंतूंच्या वाटेने आडवी पसरते आणि खोलही जाते. आडवी पसरली की जोडाक्षरं भरतात, खोल गेली की रंग मरतो. राख फासल्यासारखं दिसतं ते त्यामुळे.

म्हणून दुकानात 'कार्डशीट द्या' असं न म्हणता 'इंकजेट कोटेड मॅट, दोन्ही बाजूंनी छापता येणारं' असं मागा. २२० जीएसएमच्या आसपासचं घ्या, ३०० च्या मागे लागू नका. लेप कुठल्या बाजूला आहे हे पाकिटावर नसेल तर बोट किंचित ओलं करून कोपऱ्याला लावा. लेपाची बाजू बोटाला हलकी चिकटते.

द्राक्षवेल
वाचनखूण साठवली. आमच्या बेदाण्याच्या खोक्यांवरच्या पट्ट्या मी घरी छापते. मीही वर्षभर आर्ट कार्डशी झुंजत होते आणि प्रिंटरला बोल लावत होते. शाईदान यांच्या प्रतिसादाने डोळे उघडले.

पिक्सेलपंत
कागद बदलायची गरज नाही. डाय शाई काढून पिगमेंट शाई भरा, साध्या कार्डावरही झकास येतं. पिगमेंटमध्ये रंगाचे बारीक कण असतात, ते वर बसून राहतात, म्हणून अक्षर धारदार उमटतं आणि पाण्यानेही सहजासहजी फिसकटत नाही. माझ्या ओळखीतले तिघं असं करतात.

शाईदान
@पिक्सेलपंत, शाईचं वर्णन अगदी बरोबर. जो प्रिंटर पिगमेंटसाठीच बनवलेला आहे तो साध्या कार्डावर डायपेक्षा उजवाच. पण डायसाठी बनवलेल्या हेडमध्ये (शाई उडवणाऱ्या बारीक छिद्रांच्या भागात) पिगमेंट भरायला मी कोणालाच सांगणार नाही. हे कण तळाशी बसतात. प्रिंटर आठ-दहा दिवस बंद राहिला आणि त्यातून आपला एप्रिल-मेचा कोरडा उन्हाळा असला, तर छिद्रं बुजतात. हेड बदलायचा खर्च नव्या प्रिंटरच्या जवळ जातो आणि वॉरंटीही गेलेली असते. तुमच्या ओळखीतले तिघं रोज छापत असतील, म्हणून त्यांचं चाललंय.

पिक्सेलपंत
हो, तिघांचाही धंदाच आहे, रोज छापतात. घरगुती वापराचा मुद्दा पटला. तरी पंचाहत्तर पत्रिकांसाठी नवा कागद शोधत हिंडायचं हे मला जड वाटतं.

देवळालीकर
आणखी एक गोंधळ होतो तो सांगतो. काही घरगुती प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंट आणि बाकी तीन रंग डाय असतात. त्यात 'प्लेन पेपर' निवडलं की खरी काळी वापरली जाते आणि मजकूर छान उठतो. 'ग्लॉसी फोटो पेपर' निवडलं की ती काळी बाजूला राहते आणि तीन रंग मिसळून काळा तयार होतो, अक्षरं बारकी असली तर मऊ पडतात. ज्यांचा प्रिंटर असा आहे त्यांनी मजकुराची बाजू वेगळ्या सेटिंगवर छापून बघावी. रंगरेषा यांचा तसा दिसत नाही.

प्रकाशछाया
मी लग्नाचे फोटो काढतो. कागदाचं शाईदान यांनी सांगितलं, सेटिंगचं मी सांगतो.

रंगरेषा, तुम्ही क्वालिटी 'हाय' ठेवलीत, पण पेपर टाइप काय निवडला होता? 'क्वालिटी'पेक्षा तो महत्त्वाचा. किती शाई टाकायची आणि रंग कसे मिसळायचे, हे ड्रायव्हर, म्हणजे संगणकातलं प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर, कागदाच्या नावावरून ठरवतो. 'प्लेन' म्हणालात तर हात आखडता घेतो आणि रंग फिके येतात. 'ग्लॉसी' म्हणालात तर सढळ हाताने ओततो, आणि तेवढी शाई मॅट कागदाला पेलत नाही. कोटेड मॅट कार्डासाठी 'मॅट' निवडायचं. नाव थोडं वेगळं असेल, पण मॅट हा शब्द बहुतेक ड्रायव्हरमध्ये सापडतो.

दुसरं, 'हाय स्पीड' किंवा 'बायडायरेक्शनल' या नावाचा पर्याय असतो. तो चालू असला की हेड जाताना आणि येताना दोन्ही वेळा छापतं. जाड कागदावर त्या दोन फेऱ्या केसभर सरकतात आणि कडा दुहेरी दिसतात. तो बंद करा. वेळ जवळपास दुप्पट लागेल, लागू द्या. मग हेड अलाइनमेंट (हेडच्या फेऱ्या जुळवण्याची सोय) करा, जमलं तर ज्या कागदावर छापायचंय त्याच कागदावर.

तिसरं, रंगांचं नियोजन एकाच ठिकाणी ठेवा. एक तर सॉफ्टवेअरने आयसीसी प्रोफाइल (त्या प्रिंटर-कागदावर रंग कसे उमटतात ते सांगणारी फाइल) वापरून करावं, नाही तर प्रिंटरने. दोघांनी केलं की चेहरे लाल किंवा हिरवट होतात. प्रोफाइल वगैरे काही करणार नसाल तर फाइल एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत ठेवा आणि प्रिंटरवर सोडा. घरगुती कामाला तेवढं पुरतं.

जुना_छापखाना
सातपूरला ऑफसेट मशीनवर तीस वर्षं काढली. वर एवढं चांगलं लिहिलं गेलंय की माझ्याकडे फक्त कागदाच्या स्वभावाबद्दल सांगण्यासारखं उरलंय.

बाळ, श्रावणात छापणार म्हणजे हवा दमट. कागद हवेतलं पाणी पितो, फुगतो आणि कडेने वळतो. जाड कागदाची वळलेली कड हेडला घासली की काळे ओरखडे येतात, आणि हेडलाही ते बरं नाही. छापखान्यात आम्ही कागदाचा गठ्ठा मशीनच्या खोलीत एक दिवस तसाच ठेवायचो, खोलीच्या हवेशी त्याची ओळख झाली की मगच हात लावायचा. तू तेच कर. पाकीट न फोडता एक दिवस त्या खोलीत ठेव. फोडल्यावर लागेल तेवढेच कागद बाहेर काढ, बाकीचे परत प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत, बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून. वळलेला कागद उलट्या बाजूने हलका वाकवून जड पुस्तकांखाली रात्रभर दाबून ठेव.

पत्रिका घडीची करणार आहेस का? ए४ मधोमध मोडून ए५ करायचा विचार असेल तर सांगतो. कागदाचे तंतू एका दिशेला असतात, आणि ए४ च्या बहुतेक कागदांत ते लांबीच्या दिशेने धावतात. ए४ मधोमध मोडलास की घडी तंतूंना आडवी पडते. जाड कोटेड कागद तिथे तडकतो आणि लाल नक्षीतून पांढरी रेघ डोकावते. आधी क्रीझ (घडीच्या जागी दाबलेली रेघ) मारून घ्यावी लागेल, पट्टी आणि शाई संपलेलं बॉलपेन घेऊन दोनतीनदा ओढ. माझं मत विचारशील तर घडीच नको. सपाट कार्ड, दोन्ही बाजूंनी छापलेलं, सगळ्यात देखणं.

रंगरेषा
बाप रे, दुपारपासून एवढं! सगळ्यांचे मनापासून आभार.

@प्रकाशछाया, पेपर टाइप दोन्ही वेळा 'ग्लॉसी' होता. मला वाटलं ग्लॉसी म्हणजे उत्तम. बायडायरेक्शनल तपासलं, तेही चालूच होतं.

@जुना_छापखाना काका, घडी रद्द! सपाट कार्डच करते.

उद्या रविवार कारंजा चौकाकडे जाऊन कागद बघते.

भाषाप्रेमी
विषयांतराबद्दल क्षमा, पण एक आनंद व्यक्त करायचाय. धागाकर्तीने 'सहस्र' शुद्ध लिहिलंय. निम्म्या पत्रिकांवर 'सहस्त्र' असतं. 'त' मुळात नाहीच त्यात.

सिडकोवासी
अरेच्चा! मी आजवर 'सहस्त्र'च लिहीत आलो. आणि 'हजार' म्हणजे नेमके कसे मोजतात?

भाषाप्रेमी
एका पौर्णिमेपासून पुढच्या पौर्णिमेपर्यंत सुमारे साडेएकोणतीस दिवस. हजार पौर्णिमा म्हणजे जवळपास ८० वर्षं १० महिने. म्हणून एक्याऐंशीच्या सुमारास करतात.

देवळालीकर
विषयांतर निघालंच आहे तर सांगतो, नाशकात बसून छपाईची चर्चा होते आणि नाशिकरोडच्या प्रेसचं नावही निघत नाही? देशाची टपाल तिकिटं आणि पासपोर्ट इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापले जातात, शेजारी करन्सी नोट प्रेस १९२८ पासून नोटा छापते. आमच्या गल्लीत दर तिसऱ्या घरात कोणी ना कोणी 'प्रेसमध्ये' होतं.

जुना_छापखाना
आणि त्र्यंबकेश्वरात जन्मलेले दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळायच्या आधी छपाईच्याच धंद्यात होते. राजा रविवर्म्याच्या चित्रांच्या छपाईचंही काम केलेलं. म्हणजे ही पोरं घरी पत्रिका छापतायत ते या मातीला धरूनच आहे.

येवल्याची_लेक
आम्ही पैठणीच्या ओढण्यांना छोटी कार्डं लावतो. माझा अनुभव वेगळा आहे म्हणून लिहिते. मी इंकजेट सोडून लेझरवर गेले. टोनर, म्हणजे लेझरची कोरडी पूड, कागदात मुरत नाही, उष्णतेने वर चिकटतो, त्यामुळे साध्या कार्डावरही आणि चमकीच्या मेटॅलिक कार्डावरही अक्षर सुरेख येतं. मेटॅलिकवर इंकजेटच्या शाईचे थेंब थेंब होतात. फक्त लेझरला कागदाचा प्रकार 'थिक' सांगावा लागतो, मग तो सावकाश ओढतो आणि टोनर नीट पक्का बसतो. तसं नाही सांगितलं तर नखाने निघतो.

पण फोटोच्या बाबतीत लेझर हरतो. चेहऱ्यावरची सावली सलग येत नाही, ठिपके दिसतात. म्हणून माझ्या कार्डांवर फोटो नाहीत.

आणि एक सांभाळा, इंकजेटचा फोटो पेपर लेझरमध्ये कधीही घालू नका. त्याचा लेप आतल्या उष्णतेने वितळून फ्यूजरला, म्हणजे टोनर तापवून चिकटवणाऱ्या रोलरला, चिकटतो.

प्रकाशछाया
+१. फोटो असेल तर इंकजेट, नुसता मजकूर आणि नक्षी असेल तर लेझर.

सोनचाफा
मला एक सोपं सुचतंय. फोटो ग्लॉसी फोटो पेपरवरच छापा, तिथे प्रिंटर उत्तम चालतोच आहे. मजकूर कार्डावर. मग कार्डाला चार तिरप्या चिरा देऊन फोटोचे कोपरे आत सरकवायचे, जुन्या अल्बममध्ये असायचे तसे. डिंक नको, काही नको. ज्यांना ठेवायचाय ते फोटो काढून फ्रेम करतील. माझ्या सासूबाईंच्या पंचाहत्तरीला आम्ही असंच केलं होतं, लोकांनी अजून जपून ठेवलेत ते फोटो.

रंगरेषा
@सोनचाफा ताई, किती गोड कल्पना! कार्ड छपाई फसली तर हेच करणार, आणि जमली तरी अगदी जवळच्या दहा-बारा घरांसाठी करीन म्हणते.

कागद मिळाला. तीन दुकानांत 'कार्डशीट' म्हणून आर्ट कार्डच दाखवलं. चौथ्या ठिकाणी 'इंकजेट मॅट, बोथ साइड, २२० जीएसएम' असं स्पष्ट लिहिलेलं पाकीट सापडलं. ओल्या बोटाची परीक्षा दुकानातच केली, दोन्ही बाजू चिकटल्या. :)

घरी आल्यावर पेपर टाइप मॅट, क्वालिटी हाय, बायडायरेक्शनल बंद. पहिल्याच कागदावर जमीन-अस्मानाचा फरक! 'स्र'चा पाय दिसतोय. लाल रंग कुंकवाचाच वाटतोय. पण तीन अडचणी उरल्यात:

आजोबांचा कृष्णधवल फोटो किंचित हिरवट दिसतोय.
फोटो पडद्यावर आहे त्यापेक्षा काळवंडलाय, आजोबांच्या टोपीखालचा भाग नुसता काळा.
कागदाच्या शेवटच्या तीनेक सेंटिमीटरमध्ये आडव्या रेघा.

प्रकाशछाया
हिरवटपणा: घरगुती प्रिंटर कृष्णधवल फोटोसाठीही रंगीत शाया मिसळतो. मिश्रण जरा इकडेतिकडे झालं की डोळ्याला करड्यात लगेच कळतं, रंगीत फोटोत कळत नाही. शुद्ध करड्याच्या मागे लागू नका. फोटोला मुद्दाम किंचित उबदार, चहासारखी छटा द्या. मग हिरवटपणा लपतो आणि १९६७ च्या फोटोला ती शोभतेही.

काळवंडणं: दोन कारणं आहेत. तुमचा पडदा फार उजळ असणार. तो प्रकाश फेकतो, कागद फक्त पडलेला प्रकाश परत देतो. ब्राइटनेस इतका उतरवा की शेजारी धरलेला कोरा कागद आणि पडद्यावरचं पांढरं पान सारखं वाटेल. दुसरं, मॅट कागदावर गडद भाग ग्लॉसीपेक्षा लवकर मिटतात. त्यामुळे फोटोतले मधले टोन आणि सावल्या थोड्या उचला. किती, ते कोणीच सांगू शकत नाही, त्यासाठी पट्टी काढा: फोटोतला चेहरा आणि टोपी एवढाच भाग कापून घ्या, त्याच्या सहा प्रती एकाच कागदावर मांडा, प्रत्येक थोडी थोडी उजळ, खाली आकडा लिहून. छापा, रात्रभर वाळू द्या आणि सकाळी खिडकीपाशी उजेडात बघून निवडा. ट्यूबलाइटखाली निवडू नका. डाय शाईचा रंग वाळताना थोडा बदलतो, म्हणून ताज्या प्रिंटवरून निर्णय नको.

आणि मूळ फोटो कसा स्कॅन केलाय?

रंगरेषा
मूळ प्रिंट ६ × ९ सेंटिमीटरची आहे, दातेरी कडांची. स्कॅन नाही केली. भावाने मोबाइलवर फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवला होता, तोच वापरलाय.

प्रकाशछाया
अहो ताई! फोटो ठसठशीत न येण्याचं निम्मं उत्तर इथेच आहे. व्हॉट्सॲप फोटो दाबून लहान करतो. पाठवायचाच असेल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायचा. पण खरं म्हणजे फ्लॅटबेड स्कॅनरवर स्कॅन करा, १२०० डीपीआयला, म्हणजे इंचाला १२०० ठिपके. ६ × ९ सेंटिमीटरचे साधारण २८०० × ४२०० पिक्सेल मिळतील. छापताना इंचाला ३०० पिक्सेल पुरतात, म्हणजे ५ × ७ इंचाच्या कार्डाला १५०० × २१००. तुमच्याकडे भरपूर शिल्लक राहील. एवढी लहान प्रिंट बहुधा निगेटिव्हवरून थेट काढलेली असते, मोठी न करता. अशा प्रिंटमध्ये डोळ्याला दिसतं त्याहून बरंच बारीक काम दडलेलं असतं. काच आधी स्वच्छ पुसा, प्रिंटवर मऊ ब्रश फिरवा, आणि प्रिंटला पाणी अजिबात लावू नका.

मजकूर मात्र फोटोत मिसळून जेपीजी करू नका. पीडीएफमध्ये अक्षर अक्षर म्हणूनच राहू द्या, छापताना 'ॲक्च्युअल साइझ'.

शाईदान
शेवटच्या रेघांचं मी सांगतो. कागदाचं शेपूट आतल्या पहिल्या रोलरमधून सुटलं की कागद एकाच बाजूने धरलेला राहतो, जाड कागद तिथे हलका झटका घेतो आणि रेघा येतात. फोटो कितीही चांगला असला तरी हे टळणार नाही. उपाय असा, की त्या पट्ट्यात छापायचंच नाही. ५ × ७ इंचाची दोन कार्डं आडवी करून ए४ वर एकाखाली एक मांडा. वर-खाली सुमारे दोन-दोन सेंटिमीटर मोकळं राहतं, बाजूंना दीडेक. बॉर्डरलेस (कडेपर्यंत छापायचा पर्याय) बंद. नक्षीही कडेच्या आत ठेवा, म्हणजे कापताना जीव टांगणीला लागत नाही. तळाशी अजून एखादी रेघ आलीच तर वरचं मार्जिन कमी करून दोन्ही कार्डं वर सरकवा.

जाड कागदासाठी हेड थोडं वर उचलायची सोय असते. एप्सनच्या ड्रायव्हरमध्ये ती 'थिक पेपर अँड एन्व्हलप्स' नावाने मिळेल, कॅननच्या 'प्रिव्हेंट पेपर अब्रेजन' नावाने. चालू केल्यावर धार अगदी किंचित कमी होते, म्हणून ओरखडे येत असतील तरच चालू करा. कागद मागच्या ट्रेमधून, एका वेळी एकच.

आणि छपाईच्या आधी नोझल चेक, म्हणजे हेडची सगळी छिद्रं चालू आहेत का हे रेघांनी दाखवणारं चाचणीचं पान. पिवळ्या रेघा पांढऱ्या कागदावर दिसत नाहीत, त्यातली एखादी तुटली तर लाल रंग गुलाबी होतो आणि कारण कळत नाही. मोबाइलवर निळी पाटी उघडून तिच्या उजेडात कागद धरा, पिवळ्या रेघा गडद दिसतील.

द्राक्षवेल
निळ्या उजेडाची युक्ती आत्ता करून पाहिली. माझी पिवळी दोन ठिकाणी तुटलेली निघाली!!! किती महिने मी झेंडूच्या रंगासाठी डोकं फोडत होते.

जुना_छापखाना
दोन्ही बाजू छापायच्या म्हणून एक राहिलं. पहिली बाजू छापल्यावर कमीत कमी एक दिवस थांब. नाही तर दुसऱ्या बाजूला आतली छोटी दातेरी चाकं ओल्या शाईवरून फिरतात आणि ठिपक्यांची रांग उमटते. आधी मजकुराची बाजू छाप, फोटोची नंतर, म्हणजे फोटोवरून चाकं दुसऱ्यांदा फिरणारच नाहीत. वाळताना एकावर एक रचू नकोस, पंखा लांबून. रचायची वेळ आली की मध्ये साधा कोरा कागद.

अक्षरांचं म्हणशील तर बारीक रेघेचा फॉन्ट टाळ. रोमन लिपीला दहा पॉइंट चालतो, देवनागरीला बारा-तेरा घे. जोडाक्षरांत शाईला पसरायला जागा लागते.

पिक्सेलपंत
मघाशी कागद बदलू नका म्हणालो होतो, ते मागे घेतो. हे सगळं वाचून मीही उद्या कोटेड मॅट आणणार आहे.

रंगरेषा
(आठ दिवसांनी)
मंडळी, छपाई झाली. ३८ कागद लागले पत्रिकांना, ९ गेले चाचण्यांत.

कॉलनीतल्या एका काकांकडे फ्लॅटबेड स्कॅनर निघाला. १२०० ला स्कॅन केल्यावर आजोबांच्या मागे पाण्यात पाय सोडून बसलेल्या एक बाई स्पष्ट दिसल्या. मूळ प्रिंटमध्ये तो नुसता पांढरा ठिपका होता. आजोबांना पडद्यावर दाखवलं तर चष्मा पुसून म्हणाले, "ही माझी मावशी. ती त्या दिवशी आली होती हे मी विसरूनच गेलो होतो." त्यांनी मग मावशीबद्दल तासभर सांगितलं. ते भावाने सगळं रेकॉर्ड केलंय.

सहा पट्ट्यांतली पाचवी निवडली, म्हणजे मला वाटलं होतं त्याहून बरीच उजळ. टोपीखालचं कपाळ आता दिसतं. चहाची छटा दिल्यावर हिरवटपणा गेला. मजकूर मंगळवारी छापला, फोटोची बाजू गुरुवारी. मध्येच दोन दिवस धो धो पाऊस, म्हणून वाळवायला जेवणाच्या टेबलासकट घरातल्या सगळ्या सपाट जागा अडवल्या होत्या, सगळे मांडी घालून जेवलो. ओरखडे फक्त तीन कागदांवर आले, त्यानंतर 'थिक पेपर' चालू केलं आणि थांबले. धारेत फरक पडला असेल तर मला तरी दिसत नाही. कापायला मात्र कटिंग मशीनवाल्याकडे गेलो, पंचाहत्तर कार्डं कात्रीने सरळ कापणं माझ्याच्याने झालं नसतं.

बोट फिरवून पाहिलं. काही येत नाही बोटावर.

शाईदान
वा ताई! ती न वाळलेली आर्ट कार्डवरची प्रत टाकू नका. पुढच्या वेळी कोणी 'कार्डशीट' मागितली की दाखवायला उपयोगी पडेल.

भाषाप्रेमी
मावशींचं वाचून गहिवरून आलं. ते रेकॉर्डिंग लिहून काढा, इथे नाही दिलंत तरी घरात असू द्या.

मिसळप्रेमी
अभिनंदन! मिसळीचं काय ठरलं?

रंगरेषा
@मिसळप्रेमी, सकाळच्या नाश्त्याला मिसळच आहे, आजोबांचीच फर्माइश.

@भाषाप्रेमी, भाऊ लिहून काढतोय.

कोटेड मॅटचे तीन कागद उरलेत. पंचवटी-इंदिरानगर भागात कोणाला चाचणीपुरते हवे असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पाकीट बंद पिशवीत, सिलिका जेलसकट ठेवलंय.

सिडकोवासी
मला हवेत. मुलीच्या बारशाची पत्रिका घरी करून बघतो म्हणतो. व्यनि केलाय.